येट्सची कविता म्हणण्याआधी

प्रिय,

तुझी संहिता वाचली. डब्लिनच्या किल्मेनम तुरुंगाच्या संग्रहालयात ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या आयरिश उठावावर दहा मिनिटांचं सादरीकरण करायचं, म्हणून तू आयरिश कवी येट्सची 'ईस्टर, १९१६' घेतलीस. निवड चांगली आहे. पण समासात तीन ठिकाणी 'आवाज चढवायचा' असं लिहिलंयस, तिथे मी अडखळलो.

तुझ्या वयात मीही ती कविता पोवाड्यासारखी म्हटली होती. टाळ्या पडल्या, कविता मात्र निसटली. अरे, येट्स त्यात स्वतःशीच भांडतोय! उठावातली ही माणसं आधी रस्त्यात भेटली की तो औपचारिक दोन शब्द बोलून सटकायचा आणि क्लबात त्यांची टिंगल करायचा. मग त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. हे मरण फुकट तर गेलं नाही ना, असं तो कवितेतच विचारतो. उत्तर न देता, झोपलेल्या लेकराचं नाव आई पुटपुटते तशी त्यांची नावं घेतो. पुटपुटते, बरं का.

तुरुंगातल्या दगड फोडण्याच्या अंगणात जाशीलच. ३ ते १२ मे या काळात तिथे उठावातल्या चौदा जणांना मारलं. एका टोकाला तेरा जणांचा मिळून एक क्रूस आहे, दुसऱ्या टोकाला एकट्या जेम्स कॉनलीचा. जखमी असल्यामुळे त्याला उभं राहता येत नव्हतं, म्हणून खुर्चीत बसवून गोळ्या घातल्या. मारलेल्यांतले पिअर्स, मॅकडोना, प्लंकेट हे तिघे तर स्वतःच कवी. (पिअर्सच्या शाळेच्या मदतीसाठी १९१३ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात टागोरांचं 'डाकघर' झालं होतं. हे कळल्यापासून ते अंगण मला तितकंसं परकं वाटत नाही.)

आता माझा हट्ट. याच ॲबीत १९२६ मध्ये शॉन ओकेसीचं 'द प्लाऊ अँड द स्टार्स' हे उठावावरचंच नाटक आलं. दुसऱ्या अंकात दारूचा गुत्ता आहे. खिडकीबाहेर एक वक्ता रक्त आणि बलिदानाची महती गातोय, शब्द पिअर्सच्या भाषणांतले. आत रोझी नावाची वेश्या कुरकुरतेय, की या सभेपायी आज गिऱ्हाईकच नाही. त्यात क्रांतिकारकांचे झेंडे गुत्त्यात आले आणि प्रेक्षागृह पेटलं. विरोध करणाऱ्यांत उठावात आपली माणसं गमावलेल्या बायकाही होत्या. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. पण रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना झापणारा माणूस कोण? तोच येट्स.

म्हणून दहातली चार मिनिटं रोझीला दे. खिडकीतला आवाज आणि तिची कुरकुर एकमेकांत मिसळू दे, आणि त्यावर कविता हळू आवाजात सुरू कर. अंगणात म्हणायची परवानगी आधीच विचारून ठेव. तिथे मार्गदर्शकाबरोबरच फिरावं लागतं आणि वेळ मोजका असतो.

आणि कॉनलीचं नाव येईल तेव्हा तोंड कुठल्या क्रूसाकडे करणार, ते मला कळव.

तुझा,
सर