क्रोशे येतं, आता बॉबिन लेस शिकायची आहे. किती बॉबिनी, कुठला दोरा आणि कुठल्या पॅटर्नपासून सुरुवात करू?

बॉबिन लेस म्हणजे उशीवर टाचण्या लावून, बॉबिनींवर म्हणजे छोट्या काड्यांवर गुंडाळलेले दोरे एकमेकांत गुंफून केलेली लेस. तुम्ही लिहिलंय की व्हिडिओत बाई ढीगभर बॉबिनी इतक्या भराभर फिरवते की काय चाललंय तेच कळत नाही. ती भीती आधी काढून टाका. उशीवर पन्नास बॉबिनी असोत नाहीतर पाचशे, हातात एका वेळी चारच असतात म्हणजे दोन जोड्या, बाकीच्या नुसत्या पडून असतात. आणि त्या चारांच्या हालचाली पण दोनच, क्रॉस आणि ट्विस्ट. तिसरी नाहीच.

चार बॉबिनींच्या जागांना डावीकडून १, २, ३, ४ म्हणा. नंबर जागेचा, बॉबिनीचा नाही, हे डोक्यात पक्कं बसवा नाहीतर लगेच गोंधळ. क्रॉस म्हणजे मधल्या दोघींपैकी २ उचलून ३ च्या वरून पलीकडे टाकायची. ट्विस्ट म्हणजे दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून न्यायची, २ ही १ वरून आणि ४ ही ३ वरून. म्हणजे क्रॉस कायम डावी उजवीवरून आणि ट्विस्ट कायम उजवी डावीवरून. दिशा अशा उलट आहेत म्हणून तर एक दोरा वर एक खाली अशी गुंफण बसते, त्यात एकदा जरी उलटसुलट झालं तर तिथे दोरे सैल लोंबतात आणि ते लेस उशीवरून काढल्यावरच दिसतं.

आता जोडणी. क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलं की क्लॉथ स्टिच, कापडासारखी भरीव वीण. नुसतं क्रॉस-ट्विस्ट म्हणजे हाफ स्टिच, तिरकी आणि विरळ. दोनच जोड्या घेऊन हाफ स्टिच करत राहिलात की चार पेडांची वेणी होते. या दोन टाक्यांतला खरा फरक कळायला एक जोडी रंगीत दोऱ्याची भरा. क्लॉथ स्टिचमध्ये ती रंगीत जोडी बाकीच्या जोड्यांमधून अख्खी एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाते, हाफ स्टिचमध्ये मात्र जोडी फुटते आणि तिच्यातला एकच दोरा आडवा प्रवास करतो, दुसरा मध्येच कुठेतरी खाली उतरतो. म्हणूनच हाफ स्टिचमधली चूक शोधणं डोकेदुखी. माझं मत विचाराल तर सहा जोड्यांची, म्हणजे बारा बॉबिनींची साधी पट्टी करा, पाच जोड्या उभ्या आणि एक रंगीत जोडी त्यांच्यातून ये-जा करणारी, कडेला पोचली की तिला दोन ट्विस्ट द्यायचे, टाचणी लावायची, वळायचं. कंटाळवाणं आहे पण हात बसतो. लगेच शंभर बॉबिनींचा सेट घेऊ नका.

दोऱ्यावर जास्त बोलते कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. घट्ट पिळाचा, गुळगुळीत, न ताणला जाणारा दोरा हवा. भरतकामाचा सहा पदरी दोरा नको, पदर सुटे होतात. मशीनचा पॉलिएस्टर दोरा पण नको, तो स्प्रिंगसारखा मागे येतो आणि टाके बसतच नाहीत. केसाळ लोकरीचा तर विषयच सोडा, एकमेकांना चिकटतो. सुरुवातीला सुती क्रोशे दोरा किंवा पर्ल कॉटन (पिळाचा, चमकदार सुती दोरा) ८ नंबर चालेल, नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक हे तुम्हाला माहीतच असेल. लिननचा दोरा पारंपरिक आणि लेस छान कडक बसते, पण त्यात गाठीगाठी असतात आणि झटका दिला की तुटतो, त्यामुळे तो नंतर. लिननवर ६०/२ वगैरे लिहिलेलं असतं त्यात पहिला आकडा जाडीचा आणि दुसरा किती पदरांचा ते सांगणारा.

पण दोरा चांगला असून भागत नाही, तो पॅटर्नला बसायला हवा. पॅटर्न म्हणजे जाड कागदावर टोचलेली भोकं, त्याला प्रिकिंग म्हणतात. भोकांमधलं अंतर ठरलेलं असतं, दोरा बारीक पडला तर लेस पोकळ आणि लुळी, जाड पडला तर नुसता गिचमिड गोळा. यावर सोपी युक्ती आहे, दोरा पट्टीवर शेजारी-शेजारी गुंडाळा, ना ताणून ना सैल, आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसले ते मोजा. समजा पॅटर्नमध्ये सांगितलेल्या दोऱ्याचे २५ वेढे बसतात आणि तुमच्याकडच्याचे २०, तर २५ भागिले २० म्हणजे सव्वापट, प्रिकिंगची १२५ टक्क्यांवर झेरॉक्स काढा, झालं काम. दोरा बदलायची गरजच नाही.

पॅटर्न टॉर्शनपासूनच सुरू करा, ही साध्या भौमितिक नमुन्यांची बॉबिन लेस. त्यातली भोकं आलेखाच्या कागदावर ४५ अंशाच्या तिरक्या रेषांत असतात त्यामुळे पुढची टाचणी कुठे ते डोळ्यांनाच कळतं. त्याची जाळी म्हणजे हाफ स्टिच, टाचणी, परत हाफ स्टिच. मग त्यात कोळी करा, म्हणजे मध्ये गोल पोट आणि बाजूंना पाय असलेला नमुना, मला स्वतःला तो फार आवडतो. डावीकडून तीन जोड्या येतात उजवीकडून तीन, हे त्याचे पाय. प्रत्येक जोडीला आधी दोन-तीन ट्विस्ट द्यायचे, मग डाव्या तिन्ही जोड्या उजव्या तिन्हींमधून क्लॉथ स्टिचने न्यायच्या, बरोब्बर मध्ये टाचणी, तीन इकडे तीन तिकडे, आणि परत तसंच आरपार करून सगळ्यांना आपापल्या बाजूला आणायचं, मग पुन्हा ट्विस्ट. टाचणी लावल्यावर सगळ्या जोड्या हळूच ओढून घ्या, तेव्हा पोट गोल होतं. इथे आळस केला तर कोळी चपटा दिसतो आणि नंतर ओढून काही उपयोग नाही.

त्यानंतर बहुतेक लोक पंखा, रोझ ग्राउंड (एक नक्षीदार जाळी) असे नमुने घेत टॉर्शनमध्येच पुढे जातात. तुम्हाला क्रोशे येतं म्हणून मी वेगळं सुचवेन, पट्टीची लेस करून बघा, स्लोव्हेनियातल्या इड्रियाची किंवा रशियातल्या वोलोग्डाची. मोजक्या जोड्यांची एकच अरुंद पट्टी वळणं घेत जाते आणि आधीच्या वळणाला भिडली की तिथल्या टाचणीच्या भोकातून बारीक क्रोशाच्या सुईने दोरा बाहेर काढून लूपमधून बॉबिन ओवून जोडायचं. इथे क्रोशेवाल्यांना हात शिकवावा लागत नाही. इड्रियात १८७६ पासून लेसची शाळा आहे आणि स्लोव्हेनियाची बॉबिन लेस २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, त्यामुळे नमुने भरपूर सापडतील. शाँतिई, बिंश वगैरे अवघड प्रकारच्या लेस आत्ता फक्त बघायला.

बॉबिनी कुठल्याही चालतील, फक्त सगळ्या एकाच वजनाच्या असाव्यात. मण्यांचं कडं असलेल्या इंग्लिश बॉबिनी उशीवर घरंगळत नाहीत, पण लूपमधून जात नाहीत, म्हणून पट्टीच्या लेसला गुळगुळीत घ्या. उशी टाचणी ताठ धरेल इतकी घट्ट हवी, टाचण्या न गंजणाऱ्या.

आणि चूक झाली तर कात्री घेऊ नका. शेवटची हालचाल आधी उलटी करायची, क्रॉस असेल तर क्रॉस, मग त्याआधीचा ट्विस्ट, टाचणी काढायची, असं चुकीपर्यंत मागे यायचं. मागे येताना बॉबिनी बोटांत गरगर फिरवू नका, दोऱ्याचा पीळ सुटतो आणि तो तिथेच तुटतो.