‘अचानकच चावला हो!’

“मॅडम, काही म्हणजे काही कारण नव्हतं. शेपटी हलवत होता आणि अचानकच चावला!” कुत्र्यांच्या वागण्याबद्दल सल्ला देताना हे मी इतक्यांदा ऐकलंय की ‘अचानक’ शब्द आला की माझी वही आपसूक उघडते.

या जोडप्याचा कुत्रा चार वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. दात तिच्या मनगटाला लागले होते. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन, डॉक्टरकडून रेबीजची लस सुरू करूनच ते आले होते. एवढं तरी सगळेच करतात असं नाही.

“तो आमच्यावर वरचढ व्हायला बघतोय,” वडील म्हणाले. या ‘वरचढ’शी माझं जुनं वैर आहे. कळपात जो तो वरचढ व्हायला बघतो ही कल्पना १९४७ साली, बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून पुढे आली आणि कुत्र्यांनाही चिकटली. रानातला कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं एवढाच असतो हे पुढे कळलं, पण घराघरांतला ‘वरचढ’ काही हटला नाही.

पुढच्या भेटीत आईने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. “बघा ना, किती लाड करून घेतो.” मुलीने त्याच्या गळ्याला मिठी मारलेली. मी आवाज बंद केला, वेग कमी केला आणि गप्प बसले. (न बोलणं मला फार उशिरा जमायला लागलं.) कुत्र्याने नाक चाटलं. जांभई दिली. तोंड वळवलं. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसली. तोंड मिटलं, अंग दगडासारखं झालं. शेपटी हलत होती, पण ताठ, उंच, नुसतं टोक थरथरत.

“तो... माझ्याकडे बघतोय,” आई हळूच म्हणाली. “मी शूटिंग करत होते.”

बऱ्याच वेळाने वडील म्हणाले, “आधी तो गुरगुरायचा. मी नाकावर चापट मारून ती सवय मोडली.”

त्या दिवशी मी ज्याला समुपदेशन म्हणतात तसं काहीच केलं नव्हतं. सगळं त्यांचं त्यांनीच पाहिलं.

मग सांगितलं ते एवढंच. व्हिडिओतल्या त्या खुणा म्हणजे ‘नको’चे इशारे, आणि गुरगुरणंही तसंच. गुरगुरला की ओरडायचं नाही, मुलीला शांतपणे बाजूला घ्यायचं. मिठी बंद. तीन सेकंद छाती खाजवून हात काढायचा. तो पुन्हा जवळ सरकला तरच पुढे. जेवताना, झोपेत त्याला हात लावायचा नाही, आणि मोठं माणूस लक्ष ठेवायला नसेल तर दोघांच्या मध्ये बंद दार हवं. आणि आधी पशुवैद्य, कारण वागणं बदललं की मी पहिला संशय दुखण्यावर घेते. निघालंही तसंच, कानात जुना संसर्ग. मिठी नेमकी तिथेच दाबायची.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. “मॅडम, काल तो परत गुरगुरला!” आवाजात चक्क आनंद.

“मग?”

“मग काय, हीच उठून लांब जाऊन बसली.”