आईला डिमेन्शिया आहे, भाऊ सांभाळतो. मी लांब राहतो, दर महिन्याला पैसे पाठवतो. आणखी काय करता येईल?

जाऊन राहा. दोन तास नाही, चार दिवस. आणि ते चार दिवस भावाला घराबाहेर पाठवा.

मी आईला सहा वर्षं सांभाळलं. दादा लांब. पैसे कधी चुकवले नाहीत त्याने. फोन ठेवताना एक वाक्य ठरलेलं, "काही लागलं तर सांग." मी कधीच सांगितलं नाही. रात्री तीनदा उठून चादरी बदलणाऱ्या माणसाने आपल्याला काय लागतंय ते शोधून वर दुसऱ्याला समजावत बसायचं, म्हणजे आणखी एक काम.

तिसऱ्या वर्षी तो एका दुपारी आला. आई इतकी छान बोलली की मी बघतच राहिले. त्याला नावाने हाक मारली. मला तेव्हा ती वर्षभर नुसतं "बाई" म्हणत होती. त्याच्या मुलांची चौकशी केली, शाळेतली कविता म्हणून दाखवली. चपला घालता घालता दादा म्हणाला, "अगं, ठणठणीत आहे ती. तू उगाच बाऊ करतेस."

दिवेलागणीला आई दाराशी जाऊन उभी राहिली. "मला घरी सोडा, आई वाट बघत असेल." स्वतःच्याच घरात. रात्री एकपर्यंत कडी सोडेना, मला ओरबाडलं. डिमेन्शियाची कित्येक माणसं पाहुण्यांसमोर तासभर स्वतःला सावरून धरतात आणि मग गळून जातात. त्यात पुष्कळांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. दादाने आईची एकही संध्याकाळ पाहिली नाही.

पुढे डॉक्टरांनी 22 प्रश्नांचा एक कागद दिला, आईसाठी नाही, माझ्यासाठी. झारिट यांची प्रश्नावली, सांभाळणाऱ्याचं ओझं मोजणारी. एकेका उत्तराला 0 ते 4 गुण. तिच्या मुळाशी असलेल्या 1980 सालच्या अभ्यासात सांभाळणारे अवघे 29 होते. त्यात ओझ्याचा संबंध रुग्णाच्या वागण्याशी दिसलाच नाही. बाकीचे नातेवाईक किती वेळा येतात, त्याच्याशी दिसला. येणंजाणं जास्त, तिथे ओझं कमी. मी ते वाचून रडले. (नंतरच्या अभ्यासांत रुग्णाच्या वागण्यानेही ओझं वाढतं असं दिसलंय, आणि ते मला कुणी सांगायला नको.)

तेव्हा जा, पण सल्ले घेऊन जाऊ नका. मेंदूच्या व्यायामाचे लेख भावाला पाठवू नका. अंघोळ तुम्ही घाला, रात्री तुम्ही जागा. तो चिडला तर ऐकून घ्या. "तुझं कौतुक वाटतं" असलं काही म्हणू नका, कौतुकाने झोप भरून निघत नाही.

पैसे मात्र थांबवू नका. दादाच्या पैशांमुळेच मला शेवटी रात्रीची बाई ठेवता आली. पहिली रात्र तुम्हाला जड जाईल, माणूस बदललं की आई बिथरेल, तेव्हा भावाचा फोन चालू असू द्या. एकदोन दिवसांत एकाएकी गोंधळ वाढला तर आजारच वाढला म्हणून बसून राहू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या संसर्गानेही असं होतं.

आई गेल्यावर दादा सगळ्यांना सांगतो, "मला तिने ओळखलं होतं." ओळखलं होतं, खरं आहे. पण दादा, त्या रात्री कडीवरून तिचं एकेक बोट मी सोडवत होते, तेव्हा तुझा मेसेज आला होता, "आईला बघून बरं वाटलं."