टॉमॅटोची रोपं लांबलचक होऊन आडवी पडताहेत, साखरेचं पाणी घालू का?

नका घालू. जूनअखेर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, दक्षिणेकडच्या बाल्कनीत पेरलेली रोपं वीतभर उंच झाली, खोड मात्र दोऱ्याएवढंच राहिलं, असं तुम्ही लिहिलंय. साखरेच्या पाण्यानं रोपं वाढतात, असं तुमचा मित्र म्हणतोय. रोपं उपाशी आहेत हे खरं, पण त्यांना उजेड हवाय.

नवरात्रातला घट आठवा. देवघराच्या कोपऱ्यात पेरलेलं धान नऊ दिवसांत भराभर वर येतं, पण पिवळट आणि लेचंपेचं. तेच धान उन्हात बुटकं आणि हिरवंगार होतं. बियाणातली शिदोरी संपायच्या आत उजेड गाठायचा, म्हणून अंधारातला अंकुर सगळी ताकद उंचीवर लावतो.

हा उजेड रोपाला कळतो फायटोक्रोम नावाच्या प्रथिनामुळे. सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पडला की फायटोक्रोम जागं होतं आणि पिफ गटातल्या प्रथिनांचा निकाल लावतं. ही पिफ प्रथिनंच खोड लांबवतात. उजेड कमी असला की ती साठतात, ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक वाढतं आणि खोडाच्या पेशी ताणल्या जातात. शेजारच्या पानांनी लाल प्रकाश खाऊन टाकला तरी हेच होतं, म्हणून दाट पेरलेली रोपं चढाओढीनं उंच होतात.

आता साखर. तुमच्या मित्राचं म्हणणं अगदी निराधार नाही. प्रयोगशाळेत रोपं वाढवायच्या आगर नावाच्या जेलीत साखर मिसळली, तर कमी उजेडातल्या अराबिडॉप्सिसच्या (प्रयोगांत नेहमी वापरली जाणारी, मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती) कोवळ्या रोपांचं खोड वाढतं. पण ते लांब होतं, आणि तेही याच पिफ-ऑक्झिनच्या वाटेनं! म्हणजे तुमची अडचण आहे तीच वाढायची. शिवाय कुंडीतली साखर आधी बुरशी, जिवाणू आणि मुंग्यांच्या तोंडी जाते, आणि कोवळी रोपं बुरशीनं बुडाशी कुजतात. रोपाला लागणारी साखर पानं स्वतः करतात, दिवसा थोडी स्टार्च म्हणून साठवतात आणि रात्री तीच मोडून खातात. त्यासाठी त्यांना पुरेसा उजेड मिळाला पाहिजे.

दिशेचाही एक मुद्दा आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुणे साधारण १८.५ अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे हिवाळ्यात ऊन देणारी दक्षिणेची बाल्कनी नेमकी या दिवसांत उन्हाविना राहते. त्यात पावसाळी ढग.

लांबलेलं खोड परत आखूड होत नाही, पण टॉमॅटो वाचवता येतो. त्याच्या खोडाला मुळं फुटतात. रोप पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडा, एका कुंडीत एकच ठेवा. गच्चीवर जागा असेल तर उत्तम. पहिले काही दिवस फक्त सकाळचं कोवळं ऊन द्या, एकदम कडक उन्हात पानं करपतात. गच्ची नसेल तर पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वीतभर वर टांगून रोज चौदा तास लावा. दिवसातून एकदा शेंड्यांवरून हलका हात फिरवा, वाऱ्यासारख्या हालचालीनं खोड जाड होतं.

फारच आडवी झालेली रोपं मात्र काढून टाका आणि नव्यानं, विरळ पेरा. ऑगस्टमध्ये पेरलेला टॉमॅटोही हिवाळ्यात छान फळतो.