जुन्या ट्रकचं फ्युएल प्रेशर चेक करताना नक्की कोणता आकडा धरायचा?

तुमची गाडी 1997 ची शेवरले पिकअप, 5.7 लिटर व्होर्टेक इंजिनवाली. सकाळी चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्याशिवाय सुरू होत नाही, पंप नवा टाकलाय, आणि गेज लावला तर आयडलला 55 पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) दिसतं म्हणून तो पंपही खराब निघाला की काय असं तुम्ही विचारलंय. थांबा, एवढ्यात पंप काढू नका. या इंजिनला 60 ते 66 पीएसआय लागतं, पण हा आकडा चावी ऑन आणि इंजिन बंद असतानाचा आहे. इंजिन चालू झालं की इनटेक मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूममुळे (इंजिन हवा ओढतं त्या ओढीमुळे) रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह, प्रेशर थोडं खाली आणतो, साधारण 3 ते 10 पीएसआय, म्हणजे आयडलला 55 हे बरोबरच आहे. तुमचं उत्तर आयडलच्या आकड्यात नाहीच, ते रात्रभर गाडी उभी राहिल्यावर प्रेशर कुठे जातं यात आहे.

तर असं करा. सकाळी गाडीला हात लावायच्या आधी, इंजिन गार असतानाच गेज लावा. इंजिनच्या मागच्या बाजूला डिस्ट्रिब्युटरजवळ पेट्रोलच्या पाइपवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट पोर्ट आहे, जोडताना त्यावर फडकं धरा आणि डोळ्यांवर चष्मा घाला, पेट्रोल उडतंच, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी असू द्या. मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. पंप साधारण 2 सेकंद वाजतो आणि थांबतो, हा एक प्राइम. चावी ऑफ करून असं तीनदा करा. पहिल्या वेळी काटा 40 पर्यंतच गेला आणि तिसऱ्या वेळी 62 ला पोचला, तर कारण समोरच आहे, रात्री लाइन रिकामी होतेय आणि एका प्राइममध्ये ती भरत नाही, आणि हे इंजिन 55 च्या खाली सुरू व्हायला फार कुरकुर करतं. पंप थांबल्यावरही काट्यावरून नजर हटवू नका, 10 मिनिटांत 5 पीएसआयपेक्षा जास्त पडला तर कुठेतरी गळतंय.

आता कुठे, हा खरा प्रश्न. तीन वाटा आहेत: पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल टाकीत मागे जाऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा इंजेक्टर. परत प्राइम करून पंप थांबताच सप्लाय (टाकीकडून येणारी लाइन) बंद केली आणि काटा टिकला तर दोष टाकीच्या बाजूला, रिटर्न (टाकीकडे परत जाणारी लाइन) बंद केल्यावर टिकला तर रेग्युलेटर, दोन्ही बंद करूनही पडला तर इंजिनच्या बाजूला आत गळतंय. पण लाइन चिमटा लावून बंद करायची असेल तर फक्त रबरी होजच दाबा, नायलॉनची लाइन दाबली की ती गेलीच, तिथे शट-ऑफ व्हॉल्व्हवाला अडॅप्टर लागतो.

मी स्वतः एका ट्रकवर हे न करता आधी पंप बदलला होता, टाकी खाली उतरवली, दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. दुसऱ्यांदा टाकी उतरवली तेव्हा दिसलं की पंप आणि वरच्या पाइपमधला छोटा रबरी तुकडा चिरलाय, पेट्रोल तिथूनच टाकीत परत जात होतं. म्हणून तुमच्या नव्या पंपासोबत तो तुकडाही नवा टाकला होता का हे आधी आठवून बघा. आणखी एक, व्होर्टेकचा रेग्युलेटर इनटेकच्या आत बसलेला असतो, तो गळला तर बाहेर एक थेंब दिसत नाही. थ्रॉटल उघडून टॉर्चने आत बघा, सगळीकडे काळा थर आणि एकाच जागी पेट्रोलने धुतल्यासारखा स्वच्छ ओला पॅच असेल तर तिथेच शोध संपला.

गाडी चढावर दम खात असेल तर गेज बॉनेटच्या मागच्या कडेतून बाहेर काढून काचेवर टेपने चिकटवा (केबिनमध्ये अजिबात नको) आणि शेजारच्याला काट्याकडे बघायला सांगा. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर व्हॅक्यूम जातो, म्हणून काटा वर जायला हवा, उलट खाली आला तर फिल्टर, पंप किंवा पंपाला मिळणारं व्होल्टेज. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर मीटर लावा, बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा एक व्होल्टहून जास्त फरकाने कमी मिळत असेल तर आधी वायरिंग, अर्थ आणि रिले बघा, पंप नंतर.

आणि हे वाचणाऱ्या कुणाकडे 1987 ते 1995 मधली 5.7 ची टीबीआयवाली (थ्रॉटल बॉडीतच इंजेक्टर असलेली) असेल तर वरचे आकडे लावू नका, तिथे फक्त 9 ते 13 पीएसआय लागतं, टेस्ट पोर्ट नसतो म्हणून लाइनमध्ये टी अडॅप्टर घालावा लागतो, आणि 100 पर्यंतच्या गेजवर एवढं कमी प्रेशर नीट वाचता येत नाही, लहान रेंजचा गेज घ्या. तिथे चावी बंद केल्यावर प्रेशर आपोआप उतरतं, तो दोष नाही.

सकाळच्या पहिल्या तीन प्राइमचे आकडे आणि 10 मिनिटांनंतरचा आकडा इथे लिहा, मग पुढचं बघू.