प्रूफ ऑफ वर्कला ‘कार्यप्रमाण’ म्हणू का?

रामबागेतल्या भाच्याचा प्रश्न आहे, मामा, मंडळात क्रिप्टोवर बोलून राहिलोय, प्रूफ ऑफ वर्कला ‘कार्यप्रमाण’ चालेल का आणि नक्की अर्थ काय.

नको रे बाबा. आपण इंदूरवाले दिवसभर हिंदी ऐकतो म्हणून प्रमाण म्हटलं की पुरावा आठवतो, पण तुझी पुण्याची मामी ‘साखरेचं प्रमाण जास्त झालं’ म्हणते ना, बोलण्यात तोच अर्थ आधी येतो, लोकांना वाटेल किती काम केलं त्याचं माप. (प्रत्यक्ष प्रमाण, अनुमान प्रमाण आहेत, पण ते शास्त्रात.) ‘कामाचा दाखला’ पण नको. दाखला कचेरी देते, जन्माचा, जातीचा, शाळा सोडल्याचा, कुणीतरी शिक्का मारतं, आणि इथे शिक्का मारणारं कुणी नाहीच, तीच तर गंमत आहे. आपण आणून ठेवायचा आणि कुणीही तपासायचा तो पुरावा. म्हणून ‘कामाचा पुरावा’.

आता काम कसलं, तर बॅगेचं तीन आकडी कुलूप घे, नंबर विसरलास तर ००० पासून ९९९ पर्यंत फिरवत बस, पण कुणी नंबर सांगितला तर खरा की खोटा लगेच कळतं. बिटकॉइनचा मायनर, म्हणजे नोंदवहीत नवे व्यवहार चढवायला धडपडणारा, हेच करतो, व्यवहारांच्या ब्लॉकमध्ये (गठ्ठ्यात) एक आकडा घालायचा, एसएचए-२५६ या गणिती सूत्रातून काढायचं, ते कुठल्याही मजकुराचा एक भलामोठा आकडा करून देतं, उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खाली नाही आलं की आकडा बदलून परत. डोकं लागत नाही, वीज लागते. साधारण १० मिनिटांत जगात कुणाला तरी सापडतो, आणि फार लवकर सापडायला लागले तर दर २०१६ ब्लॉकनंतर कुलूपच अवघड होतं. आणि प्रत्येक ब्लॉक आधीच्याला बांधलेला असतो, म्हणून जुना व्यवहार खोडायचा म्हटलं तर तिथपासून पुढच्या सगळ्या ब्लॉकांचं काम परत करा, वर बाकीच्यांना गाठा. खरं तर मला ‘खटाटोपाचा पुरावा’ जास्त आवडलं असतं कारण त्या फिरवाफिरवीतून दुसरं काही निघत नाही.

शब्द मात्र बिटकॉइनहून जुना, १९९९ मध्ये मार्कस जेकबसन आणि अरी ज्यूल्स यांनी वापरला. कल्पना त्याच्याही आधीची, फुकट ईमेलचा मारा करणाऱ्यांना थोडी झळ बसावी म्हणून.

भाषणात एकदा मराठी सांग, मग सरळ प्रूफ ऑफ वर्क म्हण, ‘इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रूफ ऑफ वर्क सोडलं’ असं, नपुंसकलिंगी. (इथेरियम म्हणजे बिटकॉइनसारखंच दुसरं क्रिप्टोचं जाळं.) त्याऐवजी घेतलेल्या प्रूफ ऑफ स्टेकचं, म्हणजे वीज जाळण्याऐवजी आपली नाणी अडकवून ठेवायच्या पद्धतीचं, विचारू नकोस, ‘गहाण’ की ‘अनामत’ ते माझं अजून ठरत नाहीये.