चार वर्षांचा झाला, तरी सारखा मातीतच!

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, वर्गातली मुलं शंभरपर्यंत आकडे म्हणतात आणि आमचा सारखा मातीत." आईने सोबत मुलाची वहीच आणली होती. दोन ओळी गिरवलेल्या, पुढे पान कोरं. आजी रोज बागेत नेते, त्यात अभ्यासाचा वेळ जातो, म्हणून घरात कुरबुर चाललेली. ही तक्रार माझ्याकडे सतत येते.

वही बाजूला ठेवून मी मुलाला मागच्या मोकळ्या जागेत खेळू दिलं. त्याने खडे लहान-मोठे असे लावले आणि प्रत्येक खड्याखाली एक पान ठेवलं. एक पान कमी पडलं, तेव्हा उठून शोधून आणलं. "गणित सुरू आहे," मी आईला म्हटलं. तिला ते पटलं नाही. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना सात बिया मोजायला दिल्या, तर एकाच बीवर दोनदा बोट ठेवतात. एका वस्तूला एकच आकडा, ही समज पाठांतराने येत नाही. वस्तू हाताळून येते.

पेन्सिलीचंही तसंच. चौथ्या वर्षी मनगटातली सगळी हाडं अजून तयार झालेली नसतात. लिहिताना हात स्थिर राहायला खांदा आणि दंड बळकट लागतात. ते लोंबकळून, चढून, बादली उचलून होतं. ओला चिखल पिळला, काडीने खणलं की बोटांना जोर येतो. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल सुचवते, त्यातली 60 मिनिटं दमवणारी. खोलीत बसवून हे जमवणं अवघडच.

आई जिद्दीची होती. पुढच्या भेटीत म्हणाली, "आता मीच नेते बागेत, पण तो माझ्याबरोबर यायलाच तयार नाही. आजीबरोबर जातो."

बागेत काय बोलता, असं विचारलं. "हा रंग कोणता? पाकळ्या किती? कावळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?" म्हणजे बागेतही तोंडी परीक्षाच! (शिकलेल्या पालकांचा हा लाडका आजार आहे, असं माझं मत.) आजी मात्र बाकावर बसून राहायची आणि त्याने काही दाखवलं की बघायची.

मी तिला एवढंच सुचवलं: ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, असा प्रश्न विचारायचा नाही. तो जिथे थांबेल, तिथे थांबायचं. मग एकदा त्याने विचारलं, मुंग्यांची वाट अडवली तर त्या काय करतील? आईने माहिती सांगण्याऐवजी विचारलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, परत घरी जातील. वाटेत पान आडवं ठेवलं. मुंग्या आधी गोंधळल्या, मग काही वरून चढल्या, काही वळसा घालून गेल्या. अंदाज बांधणं, तो पडताळणं, चुकला तर बदलणं, सगळं त्यात आलं. 'वळसा' हा शब्दही त्याला तिथेच मिळाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने तो जेवणाच्या टेबलाभोवती फिरताना वापरला. आईने हे मला फोनवर सांगितलं, वहीचा विषय न काढता.

या मुलाचं बोलणं, ऐकणं वयानुसार होतं, म्हणून मी निश्चिंत होते. चौथ्या वर्षी छोटी वाक्यंही येत नसतील, हाक मारल्यावर मूल बघत नसेल किंवा आधी जमणाऱ्या गोष्टी जमेनाशा झाल्या असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे बाग हा तपासणीला पर्याय नाही.

वडील बहुतेक गप्प असायचे. त्यांची शंका जंतूंची होती. ती रास्त आहे. कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली माती टाळावी, अनोळखी फळं-बिया तोंडात जाऊ देऊ नयेत, घरी आल्यावर साबणाने हात धुवावेत. खेळायला जुने कपडे घालावेत, म्हणजे डागांवरून ओरडावं लागत नाही.